सातव्या घरची अंबुबाई

१

"रंगारी वठारात साठीच्या वरचं एकसुद्धा माणूस नाही म्हणे!" मथुराक्कानं तो छापील तक्ता टेबलावर असा आपटला की कॉफी बशीत सांडली. "सहा वर्षांखालचं पोर नाही, विधवा नाही, बाळंतीण नाही. सोळा घरांत एकेचाळीस माणसं, त्यांतले अडतीस बाप्ये, आणि सगळे एकवीस ते एकोणतीसच्या मधले. वस्ती आहे ही की क्रिकेटची टीम?"

समोर शिवलीला बसली होती. रडून तिचे डोळे सुजले होते. पोरगी निपाणीची, सरकारी शाळेत शिक्षिका, आणि वर्षभर जयनगरात मथुराक्काच्याच माडीवर भाड्यानं राहत होती. यंदाच्या घरोघर पाहणीत जे. पी. नगरचा एक तुकडा तिच्या वाट्याला आला, आणि त्या तुकड्यात हे वठार.

वठार म्हणजे मधे अंगण, अंगणात भवानीची घुमटी आणि भोवती वर्तुळात घरं. रंगाऱ्यांची ही मराठी कुटुंबं इथं कधी आली ते त्यांनाही आठवत नाही, आजूबाजूला जे. पी. नगर उभं राहिलं तेव्हा ती आधीपासून तिथंच होती. मथुराक्का जन्मली त्याच वठारात. लग्न होऊन जयनगरात आली, चौतीस वर्षं आकडेवारीच्या कचेरीत माणसांचे तक्ते मांडले, निवृत्त झाली. हिशेब डोक्यात आणि राग नाकावर, एवढंच काय ते तिनं सोबत आणलं.

"अक्का, मी घरोघर गेले होते," शिवलीला म्हणाली. "त्र्याऐंशी माणसं लिहिली. आईशप्पथ. आणि आता यादी लागली तर त्यात माझीच सही असलेले सोळा अर्ज, आणि नावं कुणाकुणाची! सातव्या घराचं छप्पर मंगळुरी कौलांचं लिहिलंय, आणि तिथं आहे स्लॅब. साहेब म्हणतात, तू गेलीच नाहीस, घरी बसून रकाने भरलेस. सोमवारी अकराला चौकशी आहे. नोकरी जाईल, वर पोलीस केस."

"तक्रार कुणी केली?"

"अंबुबाईंनी. यादीत नाव नाही बघून त्या कचेरीत जाऊन ओरडल्या, मी जिवंत आहे की मेले ते तरी सांगा म्हणून."

सातव्या घरची अंबुबाई! मथुराक्काला तेवढ्यातही हसू आलं. मग ते गेलं, आणि राग दुप्पट होऊन परत आला. एका पोरीच्या गळ्यात धोंडा बांधायचा आणि त्र्याऐंशी माणसं पुसून टाकायची, दोन्ही एकाच कागदात. ज्यानं हे केलं त्याला ती सोडणार नव्हती.

"ऊठ, तोंड धू," ती म्हणाली. "आणि खरं सांग. सही तुझीच आहे?"

शिवलीलानं मान खाली घातली. "माझीच आहे, अक्का. तेच तर."

२

"कोऱ्या अर्जांवर सह्या?" मथुराक्का रिक्षात एवढ्यानं ओरडली की रिक्षावाल्यानं वळून बघितलं. "अगं, तुला अक्कल आहे का! लग्नाच्या पत्रिका आहेत का त्या, आधीच छापून ठेवायला?"

"सगळेच करतात. दिवसाला पस्तीस घरं, प्रत्येक अर्जावर चार सह्या. प्राणेश सरच म्हणाले, सकाळी बसून सह्या उरकून घ्या. वीसेक कोरे अर्ज नेहमी पिशवीत असायचे."

"आणि पिशवी कुठं असायची?"

"माझ्या खांद्यावर. फक्त दुपारी जेवायला मंडळाच्या हॉलमध्ये जायचो, तेव्हा तिथल्या कपाटात. नागोजी अण्णांनीच सोय केली होती आमच्या सगळ्यांची. संध्याकाळी पिशवी सरांकडे जमा."

नागोजी अण्णा म्हणजे मथुराक्काचा थोरला भाऊ, समाजमंडळाचा अध्यक्ष. निदान त्यानं तरी या पोरींना उन्हातून सावलीत बसवलं, असं तिच्या मनात आलं. तिनं तिथूनच त्याला फोन लावला.

"अण्णा, ऐकलंस का वठाराचं?"

"ऐकलं गं मथू. सातव्या घरची अंबुबाई माझ्याकडेही येऊन रडून गेली. काय करायचं, सरकारी कारभार! पण पोरीला म्हणावं, चूक कबूल कर, माफी माग. उगाच ताणू नकोस. मी साहेबांशी बोलतो."

"न केलेली चूक कशाला कबूल करेल ती?" मथुराक्कानं फोन ठेवला. अण्णा आयुष्यभर असाच, मिटवामिटवी करणारा.

प्राणेश त्या भागाचा पर्यवेक्षक. शनिवार असूनही कचेरीत होता, आणि पंख्याखाली बसून मोसंबी सोलत होता.

"मॅडम, तुम्हीच सांगा," तो त्याच्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाला. "तक्रार आल्यावर माणूस पाठवून बघितलं. तिसऱ्या घराला दोन खोल्या लिहिल्यात, आहे एकच. बाराव्या घरात नळ लिहिलाय, तिथं नळच नाही. जागेवर गेलेला माणूस असं लिहील का?"

"पाहणी चालू असताना तुम्ही गेला होतात तपासायला?"

"दहात एक घर बंद असेल तर जायचं, असा नियम आहे. इथं सगळी घरं भरलेली."

"म्हणजे नाही गेलात! एकेचाळीस तरुण पोरं आणि एक म्हातारं नाही, हे बघून खटकलं नाही तुम्हाला?"

"बेंगळुरू आहे, मॅडम. सगळीकडे पोरंच." त्यानं फोड तोंडात टाकली. "चूक कर्मचाऱ्याची ठरली की फाइल बंद. पुन्हा मोजणी पुढच्या वर्षी. बाहेरच्यानं कागद बदलले असं सिद्ध केलंत, तर मात्र आठ दिवसांत नवी मोजणी. पण करणार कोण सिद्ध?"

"मी," मथुराक्का म्हणाली. "सोळाही अर्जांच्या प्रती काढा. आणि ते मोसंबं खाली ठेवा आधी."

३

रात्रीच्या जेवणाआधीच तिनं प्रती वाचून काढल्या. सगळं मोठ्या अक्षरांत, चौकोनाचौकोनांत. त्यावरून हात कुणाचा ते कळायला मार्ग नव्हता. मग ती वयांकडे वळली.

"हे बघ शिवलीला. तेवीस, सत्तावीस, चोवीस, बावीस. आता सांग, वठारात तू वय विचारलंस की काय सांगायचे?"

"कुणी साठ, कुणी पन्नास. अंबुबाई म्हणाल्या, ऐंशी लिही."

"दहा वर्षांपूर्वीही ती ऐंशीच सांगत होती! आपली माणसं शून्यावर नाहीतर पाचावर बसतात. चौतीस वर्षं बघितलंय मी. इथं मात्र पंचविसाची गर्दीच नाही. घरी बसून खोटं लिहिणारी असतीस तर तू चार म्हातारे, दोन पोरं घातली असतीस, कुटुंब दिसावं म्हणून. हे कुणी मनानं रचलेलं नाही. ही खरी माणसं आहेत, ओळखपत्रावरून उतरवलेली. फक्त ती इथली नाहीत." तिनं एका अर्जावरचा फोन नंबर फिरवला.

पलीकडे चंदन नावाचा मुलगा होता, नागपूरचा, वय चोवीस, अर्जात लिहिलं होतं तसंच. "जे. पी. नगर? नाही हो काकू, मी कोरमंगलात राहतो. मानसिंगच्या पीजीत, तिसरा मजला."

रविवारी सकाळी दोघी आधी वठारात गेल्या. अंगणात अंबुबाई घुमटीला टेकून लसूण सोलत होती. तिच्या घरावर मंगळुरी कौलं होती, वठारातली शेवटची. बाकी सगळ्यांनी पत्रे घातले नाहीतर स्लॅब टाकली. दारावर पाहणीचं स्टिकर पार खाली, उंबऱ्याजवळ चिकटवलं होतं: दहा.

"आलीस गं मथू?" अंबुबाई म्हणाली. "तो कोट घातलेला पोरगा परत येऊन गेला. म्हणतो, आजी, तुम्ही इथं राहतच नाही, कागदावर नाही तुम्ही. मी म्हटलं, मग तुझ्याशी भांडतंय कोण, माझं भूत?"

तो कोटवाला अभिमन्यू, बिल्डरचा माणूस, गेटपाशीच टॅब्लेट घेऊन उभा होता. पुण्याचा, गोरागोमटा, अगदी नम्र.

"अ‍ॅक्चुअली मॅडम, आय फील फॉर देम. पण सर्व्हेप्रमाणे इथं सगळे टेम्पररी टेनंट्स आहेत, दोन वर्षांच्या आतले. कुटुंबं असती तर प्रत्येकाची संमती घ्यावी लागली असती, पुनर्वसन करावं लागलं असतं. टेम्पररींना नुसती नोटीस पुरते. नेक्स्ट मंथ आम्ही काम सुरू करतोय. ती टेन नंबरची आजी जरा इमोशनल आहे, बाकी इश्यू नाही."

"तुम्ही कधी आत गेलायत? कुणाच्या घरात?"

"गरजच नाही पडली. प्लॅन आहे ना माझ्याकडे, स्टिकर नंबरसकट." त्यानं टॅब्लेट दाखवला.

मथुराक्काचा हात शिवशिवला. पण थोबाडीत मारून पोरीची नोकरी वाचणार नव्हती. फायदा कुणाचा ते कळलं होतं, हात कुणाचा ते अजून कळायचं होतं.

४

मानसिंग मूळचा भालकीचा, पोटानं सुटलेला, बोलायला गोड. कोरमंगलातलं त्याचं पीजी चार मजली होतं. जिन्यापाशी चपलांचा डोंगर आणि डिलिव्हरीवाल्यांची गर्दी.

"बसा ताई, चहा घ्या. माझ्या पोरांची नावं? हो, एकेचाळीस. सगळी माझीच की!" यादी बघून तो खरोखर घाबरला. "ताई, देवाशपथ, मला काही ठाऊक नाही. यादीची एक प्रत पोलिसांना जाते, एक इमारतीच्या मालकांना. बस."

"मालक कोण?"

"ते नाही सांगता येणार. करारात तसं लिहिलंय."

"त्या पोरीची नोकरी चाललीये, आणि तुम्ही मला करार सांगता?"

"मीही पोटासाठीच करतो ताई," मानसिंग पुटपुटला आणि आत निघून गेला.

मथुराक्का संतापून उठली. चपला घालताना तिचा तोल गेला, तिनं भिंतीला हात टेकला. चपलांच्या मांडणीमागे भिंतीत काळा दगड बसवला होता. तिनं मांडणी ओढली. दोन ओळी वाचता आल्या: "समाज विद्यार्थी वसतिगृह. गरीब विद्यार्थ्यांसाठी विनामूल्य."

ती तिथंच चपलांच्या ढिगात बसली. या दगडाच्या उद्घाटनाला तिनं स्वतः पेढे वाटले होते. गावाकडून शिकायला येणाऱ्या पोरांसाठी समाजानं बांधलेली इमारत, आणि आता तिच्यात भाड्याचं पीजी. म्हणजे यादी मंडळाच्या कचेरीत जात होती. आणि मंडळाच्याच हॉलमधल्या कपाटात शिवलीलाची पिशवी, सही केलेल्या कोऱ्या अर्जांसकट.

"अक्का, बरं वाटत नाही का?" शिवलीलानं विचारलं.

"मंडळात कारभारी सात जण," मथुराक्का म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "त्यातला एक."

५

घरी येऊन तिनं वठाराचा गोल काढला. आत शिवलीलाला आठवत होती तशी खरी घरं भरली, स्टिकरच्या नंबरानं. पाहणीवाल्यांचा नियम साधा: दारातून आत शिरायचं आणि उजव्या हाताला लागेल ते घर एक.

"दोन खोल्यांचं घर चौदावं, अर्जात तिसरं," ती बोटांवर मोजत म्हणाली. "नळ पाचव्या घरात, अर्जात बाराव्या. कौलं दहाव्या घरावर, अर्जात सातव्या. चौदा नि तीन सतरा. पाच नि बारा सतरा. दहा नि सात..."

"सतरा!" शिवलीला उठून उभी राहिली.

"म्हणजे चूक एकही नाही. ज्यानं लिहिलं त्याला घर नि घर पाठ आहे. फक्त त्यानं उलटीकडून मोजलं, दारातून डाव्या हातानं."

"असं का मोजेल कुणी?"

मथुराक्कानं गोल स्वतःकडे ओढला आणि दारातून डाव्या हातानं घरं मोजत गेली. तीसुद्धा तसंच मोजायची. अंबुबाईचं घर सातवं. दारावर दहाचं स्टिकर डोळ्यांनी बघूनही तिच्या डोक्यात ते सातवंच राहिलं. दसऱ्याच्या आदल्या रात्री घुमटीतली दिवटी घरोघर न्यायची, देवीला उजव्या हाताला ठेवून, डावीकडून. वठारात जन्मलेलं प्रत्येक माणूस दिवटीनं घरं मोजतं. बाहेरच्या कुणाला हे ठाऊक नाही. प्राणेशला नाही, मानसिंगला नाही, आणि अभिमन्यूच्या प्लॅनवर तर स्टिकरचेच नंबर.

वठारातले लोक स्वतःलाच कशाला पुसतील? आणि मंडळाच्या सात कारभाऱ्यांत वठारात जन्मलेला एकच होता. वीस वर्षं दिवटी त्याच्या हातात होती, आणि मागे तेलाची बुधली घेऊन चालायची त्याची धाकटी बहीण.

सातव्या घरची अंबुबाई माझ्याकडेही येऊन रडून गेली, असं तो फोनवर म्हणाला होता.

"अक्का, कोण आहे?" शिवलीलानं विचारलं.

"झोप जा," मथुराक्का म्हणाली. "उद्या अकराला कळेल."

६

सोमवारी साडेआठला ती अण्णाच्या घरी पोचली. तो देवपूजा आटोपून इडली खात होता.

"ये मथू! ऊट झालं का, खाल्लंस काही? बस, गरम आहे."

"नको. अण्णा, हा वठाराचा गोल काढलाय. घरांचे नंबर घालून दे. मला हल्ली आठवत नाहीत."

"एवढंच ना?" तो खुशीत आला. पेन घेऊन दारापासून डाव्या हातानं भराभर लिहीत गेला. "हे पहिलं, पेटीवाल्यांचं. तिसरं दोन खोल्यांचं. हे सातवं, अंबुबाई. दिवटी इथं आली की ती तेल घालायची, आठवतं? बारावं नळवालं. वठार विसरलीस तू, मी नाही विसरलो."

"खाली सही कर. आज चौकशीत दाखवायचंय, घरं कशी आहेत ते."

"सरी, करतो की." त्यानं सही केली.

मथुराक्कानं सोळाही अर्ज त्याच्या ताटाशेजारी मांडले. एकेका अर्जावर बोट ठेवत गेली: तिसरं, सातवं, बारावं. अण्णाचा घास हातातच राहिला.

"अख्ख्या जगात असं मोजणारी माणसं फक्त त्या वठारात आहेत, अण्णा. आणि त्यांतलं एकच मंडळाच्या कपाटाची किल्ली बाळगतं. वाकून एकदा स्टिकर तरी बघायचंस!"

त्यानं घास ताटात टाकला. मग म्हणाला, "मंडळाला नवा हॉल मिळणार होता मथू, तीन मजली. समाजाचंच भलं..."

"कुठला समाज? समाज त्या अंगणात लसूण सोलत बसलाय! तो हाकलून कुणासाठी हॉल बांधणार होतास? आणि वसतिगृहाचं पीजी केलंस तेही समाजासाठीच का? आणि तुला काय मिळणार होतं?"

"वरचा एक फ्लॅट," तो हळूच म्हणाला. "हे बघ, त्यांनाही काहीतरी मिळवून दिलं असतं मी. ती मोडकी कौलं, ते गळके पत्रे..."

"आई तापानं फणफणली होती तेव्हा त्याच कौलांखाली अंबुबाईनं तुला महिनाभर भरवलं! स्वतःच्या पोराच्या ताटातलं काढून! आणि तिला तू कागदावरून पुसलंस? त्या हातांनी?" मथुराक्काचा आवाज फाटला. "आणि माझ्या घरातली ती पोरगी. माफी माग म्हणालास. तिनं मागितली असती तर चोरी तिची, आणि तू साहेबांशी बोलून उपकार करणार! लाज वाटते मला. तू भाऊ आहेस याची लाज वाटते!"

"मथू, पाया पडतो. सख्खा भाऊ आहे मी तुझा."

"हो ना. तेच तर," ती म्हणाली, आणि कागद गोळा करून निघाली.

अकराला चौकशी सुरू झाली. अधिकारी बाई चष्मा सावरत ऐकत होत्या. मथुराक्कानं सगळं क्रमानं मांडलं: वयं, चंदनचा फोन, काळा दगड, कोऱ्या अर्जांवरच्या सह्या, आणि सतरा. कोऱ्या सह्या कुणाच्या हुकुमानं, हे आलं तेव्हा प्राणेशला घाम फुटला. शेवटी तिनं सही केलेला तो गोल पुढे ठेवला.

बाईंनी तो अर्जांशी ताडून बघितला, दोनदा. "हे नागोजी म्हणजे मंडळाचे अध्यक्ष? तुमचं जबाबात नाव येईल, मॅडम. यांचं तुमच्याशी काही नातं?"

शिवलीलानं मथुराक्काकडे बघितलं, आणि तिला आत्ता सगळं कळलं. तिनं अक्काचा हात धरला.

"सख्खा भाऊ," मथुराक्का म्हणाली. "लिहा."

आठ दिवसांत नवी मोजणी झाली. पिशवी पुन्हा शिवलीलाच्याच खांद्यावर होती, आणि कोऱ्या अर्जांवर एकही सही नव्हती. बिल्डरचं काम थांबलं होतं, अण्णाला पोलिसांनी दोनदा बोलावलं होतं. वठारात त्याचं नाव कुणी काढत नव्हतं, आणि मथुराक्काही काढत नव्हती. रात्री मात्र तिला झोप नव्हती.

दहा नंबरच्या दारात अंबुबाई पाट टाकून बसली होती.

"वय?" शिवलीलानं विचारलं.

"ऐंशी लिही."

शिवलीलानं मथुराक्काकडे बघितलं.

"ती सांगते ते लिही," मथुराक्का म्हणाली.

अंबुबाईनं मान वर करून विचारलं, "आणि मथू, यंदा दिवटी कोण धरणार गं? नागोजी तर यायचा नाही."

मथुराक्काला अण्णाचा राग आला, मग स्वतःचा, मग परत अण्णाचा.

"मी धरते," ती म्हणाली. "तेल तेवढं तू घाल."